उतारा: जोराचा की मांडणीचा?

आमच्या कोपरगाव तालुक्यात दोन सहकारी साखर कारखाने, कोळपेवाडीचा आणि संजीवनी. हंगामात इथे एकच शब्द सर्वांच्या तोंडी असतो: उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे पोत्यात पडलेली साखर. तो उसाची जात, पक्वता आणि तोडणीनंतरचा उशीर यांवर ठरतो. पण गाळपाच्या मांडणीवरही ठरतो.

कारखान्यात चार-पाच मिल ओळीने असतात. कितीही दाबले तरी शेवटच्या बगॅसमध्ये निम्मी ओल उरतेच. ती निघत नसेल, तर निदान तिच्यातली गोडी काढावी. म्हणून पाणी शेवटच्या मिलआधी टाकतात. तिथला पातळ रस आधीच्या मिलमध्ये शिरणाऱ्या चोथ्यावर सोडतात. ऊस पुढे, रस मागे. सर्वांत स्वच्छ पाणी सर्वांत निःसत्त्व चोथ्याला मिळते. उगाच जास्त पाणी ओतले, तर ते आटवायला वाफ जास्त लागते.

तांब्याच्या खनिजाच्या दळणातही भरड कण गिरणीत परत पाठवतात, बारीक पुढे नेतात. सगळेच फार दळले, तर पिठूळ झालेले तांबे गाळाबरोबर जाते.

शंभर टन उसामागे साधारण तीस टन बगॅस निघते. तिच्यातली साखर अडीच टक्क्यांवरून दोनवर आणली, तर दीड क्विंटल साखर रसात वाचते. 2025-26च्या एफआरपीत 10.25 टक्क्यांवरील प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्याला टनामागे 34.60 रुपये आहेत. मिलची मांडणी शेतकऱ्याच्या बिलात उतरते, ती अशी.