पोलीस पाटील आणि सरकारी मानधन

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे गाव भीमा नदीच्या काठी वसलेले असून नदीपलीकडे दौंड तालुक्याची हद्द लागते. अशा नदीकाठच्या गावी पाण्यातून बेवारस प्रेत वाहत आले, उभ्या उसाला आग लागली, किंवा बांधाच्या तंट्यावरून भाऊबंदांत काठ्या निघाल्या, तर पहिला निरोप जातो तो पोलीस पाटलाकडे. ठाण्यातील अंमलदार येऊन पोहोचेपर्यंत सरकारचा अंमल गावात त्याच्याच रूपाने हजर असतो. या माणसाला सरकारने काय द्यावे, आणि ते घेण्यास कोण पात्र, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु गावातील न्याय आणि शांतता यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

बंदोबस्ताचा अधिकार माणसाच्या हाती तीन वाटांनी येऊ शकतो : जन्माने, मताने किंवा नेमणुकीने. आपल्याकडील जुनी वाट जन्माची होती. पाटीलकी हे वतन होते. बापामागून मुलगा पाटील होई, आणि त्याच्या सेवेचा मोबदला इनाम जमीन, हक्क व मानपान यांच्या रूपाने त्याच्या घरात येई. इंग्रजी अमदानीत १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने या पाटलाची पोलिसी कामे ठरवून दिली व १८७४ च्या वतन कायद्याने त्याच्या वतनाचे नियमन केले. या रीतीत एक मोठे वैगुण्य होते. घराणे थोर असले म्हणजे वारस लायक असतोच असे नाही. शिवाय ज्याची भाकरी गावातील हक्कांवर अवलंबून, तो गावातील तंट्यात तिऱ्हाईत राहणे कठीण. अखेर १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे वंशपरंपरागत पद संपुष्टात आले.

दुसरी वाट मताची. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा शेरीफ हा मुख्य पोलीस अधिकारी लोकांच्या मतांनी निवडला जातो. त्याच देशातील लुइझियाना राज्यात स्थानिक पोलिसांच्या पगारात राज्य सरकार आपल्या तिजोरीतून दरमहा काही रकमेची भर घालते. मग निवडून आलेला अधिकारीही त्या जादा रकमेस पात्र समजावा काय, असा प्रश्न तेथे उपस्थित होतो; त्याचे उत्तर अर्थातच कायद्याने घातलेल्या अटींत शोधावे लागते. लोकांनी निवडलेला अधिकारी लोकांना जबाबदार राहतो, हे या पद्धतीचे बळ होय. उलटपक्षी, ज्यांनी मते दिली त्यांच्याविरुद्ध पंचनामा करताना त्याचा हात अडखळण्याचा धोकाही तीत आहे.

महाराष्ट्राने तिसरी वाट पत्करली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यान्वये पोलीस पाटलाची नेमणूक होते. सरपंच निवडून येतो. पोलीस पाटील निवडून येत नाही. पंचवीस ते पंचेचाळीस वर्षे वय, गावातील रहिवास, शारीरिक पात्रता व निष्कलंक चारित्र्य या त्याच्या मुख्य अटी. अलीकडच्या भरतीत दहावी उत्तीर्ण उमेदवारांची ८० गुणांची लेखी व २० गुणांची तोंडी परीक्षा घेतली जाते. स्त्रियाही या पदावर येतात. नेमणूक प्रथम पाच वर्षांची असते व पुढे वाढविता येते. मात्र वयाच्या साठाव्या वर्षी पद सोडावे लागते.

त्याला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. हा भेद केवळ शब्दांचा नाही. १९६८ च्या सेवाशर्तींप्रमाणे पोलीस पाटलाला कर्तव्यास बाध येणार नाही अशा बेताने शेती करता येते, गावात लहानसा धंदाही करता येतो. परंतु अन्यत्र पूर्ण वेळची नोकरी पत्करता येत नाही. कारण उघड आहे. रात्री अपरात्री गावात अनर्थ घडला असता जो पुण्याच्या कारखान्यात पाळीवर गेलेला असेल, त्याचा गावाला काय उपयोग? म्हणून या मानधनाची पात्रता नुसत्या नेमणुकीच्या कागदाने पुरी होत नाही. गावात राहणे व हाकेला उभे असणे, हीच तिची खरी कसोटी.

मानधनाची रक्कम दीर्घकाळ तुटपुंजी होती. २०१९ मध्ये ती दरमहा ३,००० रुपयांवरून ६,५०० रुपये झाली, आणि २०२४ मध्ये १५,००० रुपये करण्याचा निर्णय सरकारने घेतला. त्याच वर्षी सरपंचांचे मानधनही, गावाच्या लोकसंख्येनुसार, दुप्पट करण्याचे ठरले. त्यावर कोणी म्हणेल, सेवा ही सेवा, तिला पैसा कशाला? याचे उत्तर सोपे आहे. गुन्ह्याची खबर देणे, संशयास्पद मृत्यूची वर्दी लावणे, साथीच्या रोगाची माहिती वरिष्ठांना कळविणे, पोलिसांना तपासात साहाय्य करणे, या कामांत वेळ जातो, प्रवासखर्च होतो, आणि प्रसंगी शेजाऱ्यांचा रोषही पत्करावा लागतो. हा खर्च जर सरकारने दिला नाही, तर तो दुसरा कोणी तरी देऊ करील. आणि तो दुसरा बहुधा तोच असतो, ज्याच्या विरुद्ध वर्दी जावयाची असते.

एवढ्यावरून एक गोष्ट श्रोत्यांच्या ध्यानात येईल. अधिकारी जन्माने आला, मताने आला की नेमणुकीने, यापेक्षाही त्याची भाकरी कोणाच्या हातून येते, हे अधिक महत्त्वाचे. सरकारी तिजोरीतून वेळच्या वेळी मिळालेले मानधन ही पाटलावरची मेहेरबानी नसून गावाच्या निःपक्ष बंदोबस्ताची किंमत आहे. ती किंमत द्यावी सरकारने, आणि तिच्या मोबदल्यात पाटील हजर आहे की नाही, तो श्रीमंत आणि गरीब यांची वर्दी सारख्याच शाईने लिहितो की नाही, हे पाहावे गावाने. दोघांनीही आपापला भाग सांभाळला, तर नदीकाठच्या लहानशा गावातही कायद्याचा अंमल ठाण्याच्या अंतरावर अवलंबून राहणार नाही.