षट्कोनी मत्स्यपात्राचें झांकण

गेल्या दिवाळींत आमच्या जांवयांनीं मुलांसाठीं म्हणून एक कांचेचें मत्स्यपात्र आणून दिलें. चौकोनी पात्रें जिकडेतिकडे दिसतात. हें मात्र षट्कोनी निघालें. एकेक बाजू ९ इंचांची, उंची २० इंच. कांठोकांठ भरल्यास सुमारें ६९ लिटर पाणी मावावें. तळाशीं बारीक वाळू, तींत लावलेल्या पाणवनस्पती आणि त्यांतून फिरणारे नऊ झेब्रा मासे, असा थाट दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत मांडला गेला. पात्र दिसावयास सुरेख, पण त्यास झांकण नव्हतें. या आकाराचें झांकण तयार मिळत नाहीं, असें दुकानदाराचें म्हणणें. नसेना का, असें आम्हांसही वाटलें.

चौथ्या दिवशीं पहांटे देवघराकडे जातांना आमच्या पायास कांहीं ओलसर लागलें. दिवा लावून पाहतों तों एक मासा फरशीवर पडलेला. अंगावरील निळ्या रेघा तशाच होत्या, प्राण मात्र गेला होता. झेब्रा मासा हा आपल्याच देशांतला, गंगा-ब्रह्मपुत्रेकडील. पाण्याच्या वरच्या थरांत वावरणारा व दचकला कीं उसळी घेणारा. ही माहिती आम्हांस मागाहून मिळाली. मासा आम्हीं परसांत पारिजातकाच्या बुंध्याशीं पुरला व कोणास कांहीं बोललों नाहीं. परंतु आमचा सहा वर्षांचा नातू रोज उठल्याबरोबर मासे मोजीत असे. "आजोबा, आठच आहेत," एवढेंच तो म्हणाला आणि पुन्हां मोजूं लागला. झांकण करावयाचें तें त्याच दिवशीं ठरलें.

वर एक फळी टाकली कीं झांकण झालें, अशी आमची समजूत. ती सूनबाईंनीं मोडून काढली. त्या वनस्पतिशास्त्र शिकलेल्या आहेत. "मामंजी, फळीनें मासे राहतील, पण झाडें मरतील," त्या म्हणाल्या. पाण्यांत उतरतां उतरतां प्रकाश क्षीण होतो, आणि आमचें पात्र रुंदीच्या मानानें उंच. तेव्हां उजेड हवा तो वरूनच हवा. शाळेंत हायड्रिलाच्या कांड्यांवर नरसाळें व परीक्षानळी पालथी घालून उन्हांत ठेवीत व प्राणवायूचे बुडबुडे दाखवीत, तो प्रयोग वाचकांस आठवत असेल. रात्रीं मात्र तींच झाडें माशांबरोबर प्राणवायू वापरतात. म्हणून पाण्यास हवा लागली पाहिजे, आणि झांकण घट्ट बंद असून चालत नाहीं. आमच्या पात्रांत व्हॅलिसनेरियाचीं लांब पातीं आहेत, शिवाय क्रिप्टोकोरीनचें एक रोप आहे. या क्रिप्टोकोरीनची एक जात आपल्या कोंकण-गोमंतकांतील ओढ्यांत आपोआप वाढते, हें कळल्यापासून आमची तिच्यावर विशेष ममता जडली आहे.

सारांश, मासा अडवावयाचा, पण उजेड व हवा सोडावयाची. शिवाय पाणी व वीज यांची भेट होऊं द्यावयाची नाहीं. म्हणून दोन मजल्यांचा बेत ठरला. खालीं कांच, आणि तिच्यावर दिवे बसविलेली टोपी.

मापाचें काम आम्हीं मोठ्या डौलानें अंगावर घेतलें. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लीलावतींत वर्तुळांत बसणाऱ्या समभुजाकृतींच्या बाजू दिल्या आहेत. व्यास १,२०,००० धरल्यास त्रिकोणाची बाजू १,०३,९२३ व षट्कोनाची बरोबर ६०,०००, म्हणजे व्यासाच्या निम्मी. आम्हीं १८ इंच व्यासाचें वर्तुळ काढलें, त्यावर षट्कोन साधला आणि त्याबरहुकूम अर्धा इंच जाडीच्या फळीचे नऊ-नऊ इंचांचे सहा तुकडे कापले. साधें प्लायवूड वाफेनें फुगतें म्हणून पीव्हीसी फोमची पांढरी फळी घेतली होती. ती साध्या करवतीनें कापली जाते व ओलीस दाद देत नाहीं. टोकें ३० अंशांनीं तिरकीं केलीं, सांधे जोडले, आणि सर्व मंडळींसमक्ष टोपी पात्रावर ठेवली. ती आंत जाईना. पात्राच्या तोंडावर टोपीसारखी चढावयाची, ती कांठावरच डगमगत उभी राहिली.

शेवटीं सुतारास बोलावलें. हा आमचाच जुना विद्यार्थी. भूमितींत नापास झाला म्हणून आम्हीं त्यास भर वर्गांत बरेंच कांहीं बोललों होतों, आणि पुढच्या वर्षीं तो शाळेंत आलाच नाहीं. तें त्याच्या लक्षांत होतें कीं नाहीं, कोण जाणे, आमच्या होतें. त्यानें टोपी उलटीसुलटी करून पाहिली. "गुरुजी, कागदावरच्या रेघेला जाडी नसते, फळीला असते." अर्ध्या इंचाच्या फळीस अशा सांध्यांत बाहेरची लांबी आंतल्यापेक्षां सुमारें साडेचार सूत अधिक लागते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आम्हीं बाहेरची बाजू ९ इंच धरल्यानें आंतली तितकी आखूड झाली होती. "आणि हें भांडें तरी साही बाजूंनीं सारखें कशावरून?" त्यानें विचारलें. मोजून पाहतों तों दोन बाजू एकेक सूत कमी! आम्हीं एकच बाजू मोजून तिला सहांनीं गुणलें होतें.

त्यानें तोंडावर पुठ्ठा ठेवून खालून पेन्सिल फिरविली, कोपऱ्यांस एक ते सहा आंकडे घातले व तोच फर्मा धरून, बाजूस एक सूत मोकळीक सोडून, नवे तुकडे कापले. आंतल्या अंगास, खालच्या कडेपासून दीड इंचावर, पट्टी मारली; टोपी तिच्यावर टेकते.

खालची कांच ४ मिलिमीटर जाडीची, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर दुभागलेली. पुढील अर्ध उचलून दाणे टाकतां येतात. ती कांठाखालीं इंचभर, आंतून चिकटविलेल्या कांचेच्या तुकड्यांवर बसते. त्यामुळें वाफेचें पाणी पात्रांतच ठिबकतें. कडेस एका सुताहून अधिक फट ठेवूं नये. मागें नळीसाठीं कोपरा कापला, त्यावर प्लॅस्टिकची जाळी लावावी. हवा तेथूनच जाते. चिकटविण्यास सिलिकोन घ्यावें तें मत्स्यपात्रांचेंच. न्हाणीघरासाठीं मिळणाऱ्या कांहीं सिलिकोनांत बुरशीनाशक असतें, तें माशांस बाधतें. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी लावूं नये.

दिव्यांच्या बाबतींतही एकदां चुकलों. मध्यभागीं एकच एलईडीची पट्टी लावली, तेव्हां कोपरे अंधारे राहिले. मग साही बाजूंनीं आंतून आंखूड पट्ट्या, ॲल्युमिनियमवर बसवून, लावल्या. त्या १२ व्होल्टवर चालतात. वीज उतरविणारा अडॅप्टर मात्र पात्रावर कधींही ठेवूं नये. तारेस भिंतींतल्या सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेलें पाणी सॉकेटांत न जातां खालीं गळतें. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी घरांत नसेल तर ती आधीं बसवावी, दिवे मागाहून. हात पाण्यांत घालण्यापूर्वीं बटण बंद करावें, हें आमच्या घरीं आतां लहानथोरांस पाठ आहे. टोपीच्या मागील अंगास उष्णता जाण्यासाठीं भोकें ठेवलीं आहेत.

पहिल्या आठवड्यांत पाहुण्यांच्या कौतुकापायीं दिवे चौदा-चौदा तास जळत राहिले, आणि कांचेवर हिरवें शेवाळ चढलें. आतां आठ तासांवर देत नाहीं.

सुतारानें मजुरी घेतली, ती आम्हीं आग्रहानें दिली म्हणून. फर्मा मात्र मागून नेला. तो आतां त्याच्या दुकानांत खिळ्यास टांगलेला दिसतो. चवथ्या कोपऱ्याचा सांधा किंचित् उघडा आहे, तेथून रात्रीं उजेडाची एक रेघ भिंतीवर पडते. ती बुजवूं म्हटलें तर नातू बुजवूं देत नाहीं. मासे आठच आहेत. सकाळची मोजणी चालू आहे.