अकरावीला ‘नावाचं’ कॉलेज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न टक्क्यांचा आणि त्याच दमात दुसरा, “मग अकरावीला कुठे?” शेजारी विचारतात, मामा-मावशी फोनवर विचारतात, क्लासचे सर विचारतात. घरात याद्या निघतात, मागच्या वर्षीचे कट-ऑफ तपासले जातात. या सगळ्या गडबडीत ज्याला किंवा जिला पुढची दोन वर्षं त्या वर्गात बसायचं आहे, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं मत बहुधा सगळ्यात शेवटी विचारलं जातं.

नामांकित कॉलेज हवंसं वाटणं चूक नाही. चांगले शिक्षक, भरलेलं ग्रंथालय, अभ्यासू सोबती यांचं मोल खरंच मोठं आहे. पण हा निर्णय बऱ्याच घरांत ऐकीव गोष्टींवर घेतला जातो आणि त्याची किंमत मूल मोजतं. म्हणून वारंवार कानावर पडणारी ही विधानं एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : कट-ऑफ जितका वर, तितकं शिक्षण चांगलं

वस्तुस्थिती : कट-ऑफ म्हणजे त्या फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. किती जणांनी ते कॉलेज मागितलं आणि जागा किती होत्या, एवढंच त्यातून कळतं. वर्गात काय शिकवलं जातं हे त्यातून कळत नाही.

जागांचं गणित पाहा. इनहाऊस कोटा १० टक्के, व्यवस्थापन कोटा ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थेत त्या समाजासाठी ५० टक्के जागा असतात. हे तिन्ही कोटे पूर्ण भरणाऱ्या कॉलेजात १२० जागांची तुकडी धरली, तर केंद्रीय फेरीला ४२ जागा उरतात. जागा कमी झाल्या की कट-ऑफ चढतो. स्टेशनजवळचं कॉलेज, जुनं नाव, एखाद्या क्लासशी असलेलं साटंलोटं यांनीही तो चढतो. यांपैकी कशाचाही फळ्यासमोरच्या शिकवण्याशी संबंध नाही.

शिकवणं पाहायचं असेल तर प्रवेशाआधी एकदा मुलासोबत कॉलेजात जा. सूचनाफलकावरचं वेळापत्रक वाचा. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दिसली तर टेबलावर ब्युरेट वापरात आहेत की कपाटात धूळ खात आहेत, ते बघा. बाहेर पडणाऱ्या बारावीच्या मुलांना एवढंच विचारा, “काल फिजिक्सचा तास झाला का? किती जण होते?” या दोन प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जातात.

गैरसमज २ : टॉपच्या कॉलेजात गेलं की गुण आपोआप वाढतात

वस्तुस्थिती : हा प्रश्न संशोधकांनी नीट तपासला आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा आहेत. बोस्टन लॅटिन, स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स ही त्यांतली गाजलेली नावं. अतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी कट-ऑफच्या जेमतेम वर असलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं यांची तुलना केली. २०१४ साली ‘इकॉनोमेट्रिका’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. या शाळांचे निकाल उत्तम लागतात, त्याचं मोठं कारण म्हणजे तिथे येणारी मुलं मुळातच पुढे असतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. रोमानियातल्या शाळांवरचा असाच एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या शाळेत गेलेल्या मुलांचे गुण थोडे वाढलेले दिसले. मात्र त्याच मुलांना आपण वर्गात कमी पडतो असं वाटू लागलं, आणि शाळा चांगली मिळाली म्हणून पालकांचं घरच्या अभ्यासाकडचं लक्षही कमी झालं. म्हणजे वरच्या कॉलेजात फायदा होऊ शकतो, पण तो आपोआप होत नाही. तिथे गेल्यावर घरचा आधार वाढवावा लागतो.

दहावीत शाळेत पहिली आलेली मुलगी सगळ्याच पहिल्या आलेल्यांच्या वर्गात बसते, तेव्हा पहिल्या चाचणीत तिचा नंबर चाळिसावा लागू शकतो. काही मुलं त्यातून पेटून उठतात, काही मिटून जातात. आपलं मूल यांतलं कोणतं, हे कट-ऑफची यादी सांगणार नाही. त्याच्यासोबत पंधरा वर्षं राहिलेल्या आईवडिलांना ते माहीत असतं, आणि थोडं शांतपणे विचारलं तर ते मूलही सांगू शकतं.

गैरसमज ३ : सोपं कॉलेज आधी टाकलं नाही, तर तेही हातचं जाईल

वस्तुस्थिती : २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. त्याआधी ती मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावतीपुरती होती. अर्जात एक ते दहा पसंती देता येतात. जागा गुणवत्तेनुसार वाटल्या जातात. एखादं कॉलेज तुम्ही पाचव्या क्रमांकावर टाकलं म्हणून तिथे तुमची गुणवत्ता कमी धरली जात नाही. त्यामुळे क्रम मनापासून आवडलेल्या कॉलेजांचाच असावा, आणि दहांत दोन-तीन तरी अशी असावीत जिथे मागच्या वर्षीचा कट-ऑफ आपल्या गुणांच्या बराच खाली आहे.

जपायचं ते पहिल्या पसंतीला. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद व्हावं लागतं. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर पुढच्या फेरीची वाट पाहता येते. म्हणून केवळ नावासाठी पहिल्या जागी टाकलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. शिवाय एकाच कॉलेजात अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांचे कोड वेगळे असतात आणि फीमध्ये मोठी तफावत असते. अर्ज भरताना कोड मुलासोबत बसून दोनदा तपासा.

गैरसमज ४ : दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, प्रवास निभावून नेता येतो

वस्तुस्थिती : घरापासून वर्गापर्यंत दीड तास लागत असेल तर रोजचे तीन तास झाले, आठवड्याचे अठरा. दोन-तीन विषयांची आठवड्याभराची उजळणी एवढ्या वेळात होते. बदलापूर किंवा विरारहून गर्दीच्या लोकलने माटुंग्याला, चर्चगेटला येणारी मुलं हे रोज करतात, आणि काहींना ते जमतंही. पण सातच्या तासासाठी पाचची गाडी पकडणाऱ्या मुलाची झोप कुठून वजा होते, याचा हिशेब आधीच मांडायला हवा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती सलग महिनोन्‌महिने तुटली तर पाठांतर, लक्ष आणि मन तिन्ही ढासळतात.

निर्णयाआधी एकदा मुलाला त्याच वेळेच्या गाडीने, कामाच्या दिवशी, त्या कॉलेजपर्यंत नेऊन आणा. नकाशावर दिसणारा रस्ता आणि सकाळचा फलाट यांत फरक असतो.

गैरसमज ५ : कॉलेजला जायची गरजच नाही, क्लास पुरेसा आहे

वस्तुस्थिती : ‘इंटिग्रेटेड’ किंवा टाय-अपच्या व्यवस्थेत मूल कागदावर एका कॉलेजात असतं आणि दिवसभर क्लासमध्ये बसतं. हे थांबावं म्हणून राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये आणि रँकची हमी देणारी जाहिरात करू नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

प्रवेश परीक्षेच्या गुणांवर जागा मिळते हे खरं, पण बारावीच्या गुणांची अट सुटत नाही. आयआयटी-एनआयटीसाठी खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. एमबीबीएससाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के, तर सीईटीवरून राज्यातल्या अभियांत्रिकीसाठी ४५ टक्के लागतात. राखीव गटांना या अटींत सवलत आहे. शिवाय भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात शंभरपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. ब्युरेट कधी हातात न धरलेल्या मुलाला ते पाठ करून लिहावं लागतं, आणि पुढे पदवीच्या प्रयोगशाळेत त्याची उणीव उघडी पडते.

याला जोडून आणखी एक समजूत असते : अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष. बोर्डाची परीक्षा बारावीला असते, म्हणून तसं वाटतं. पण नीट आणि जेईईचा अभ्यासक्रम दोन्ही वर्षांचा असतो. सीईटीतही साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर येतात.

गैरसमज ६ : लातूरला किंवा कोट्याला पाठवल्याशिवाय मेडिकल मिळत नाही

वस्तुस्थिती : ‘लातूर पॅटर्न’ हे मराठवाड्यातल्या कॉलेजांनी कष्टाने कमावलेलं नाव आहे. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सुट्ट्यांतही तास घ्यायचे, चाचण्यांवर चाचण्या घ्यायच्या आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेतली चूक दाखवून द्यायची, हे त्याचं सार. ही शिस्त मोलाची आहे. पण ती ज्याला मानवते त्यालाच मानवते. ती शिस्त गावातल्या कॉलेजात पाळली, तर तिथेही उपयोगी पडते.

बाहेरच्या राज्यात जाण्याआधी एक नियम माहीत हवा. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाईलसोबत दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. त्याला मोजकेच अपवाद आहेत. बारावी राजस्थानातून केली तर हा कोटा हातचा जाऊ शकतो. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र अशी जागांची ७०:३० विभागणीही सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. त्यामुळे अमुक विभागात शिकलं की जागा सोपी मिळते, हा जुना हिशेब आता चालत नाही.

आणि वसतिगृहाचा निर्णय फीपुरता नसतो. सोळाव्या वर्षी घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला रोज बोलायला कुणीतरी लागतं. निकालाशिवायही चौकशी करणारं कुणीतरी लागतं. ती सोय नसेल तर सर्वोत्तम पॅटर्नही त्याला पेलणार नाही.

गैरसमज ७ : नव्वदच्या वर गुण आहेत, म्हणजे सायन्सच

वस्तुस्थिती : दहावीचे गुण दहावीचा अभ्यास मोजतात, आवड मोजत नाहीत. सीए फाउंडेशन, पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, एनडीएची भूदल शाखा, हे सगळं बारावीनंतर कोणत्याही शाखेतून खुलं आहे. एनडीएच्या नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. यंत्रांत रमणाऱ्या मुलाला दहावीनंतर तीन वर्षांच्या पॉलिटेक्निक पदविकेतून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यासाठी जेईई द्यावी लागत नाही.

“सायन्स घे, नंतर हवं ते करता येईल,” या सल्ल्यात तथ्य आहे. विज्ञानातून वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीला जाता येतं, उलट वाट बहुतेक वेळा बंद असते. पण ज्या मुलाला इतिहासात किंवा हिशेबात रस आहे, त्याने दोन वर्षं सेंद्रिय रसायनशास्त्राशी झटून आत्मविश्वास गमावला, तर ती मोकळी वाट त्याच्या काय उपयोगाची?

गैरसमज ८ : एवढ्याशा पोरांना काय कळतं, निर्णय आपणच घ्यावा

वस्तुस्थिती : पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाला सगळं कळत नाही, हे खरंच. फी परवडेल का, कर्ज काढायचं का, रात्रीचा प्रवास सुरक्षित आहे का, हे पालकांनीच ठरवायचं आणि स्पष्ट सांगायचं. “आपल्याला वर्षाला एवढेच खर्च करता येतील,” हे मुलापासून लपवू नका. त्या मर्यादेच्या आत मात्र निवड त्याची असू द्या.

बोलणं एका बैठकीत संपवू नका. पहिल्या दिवशी फक्त ऐका : कुठे जावंसं वाटतं, का वाटतं, कशाची भीती वाटते. मित्र जातोय म्हणून म्हणाला, तरी हसू नका. नव्या जागी ओळखीचा एक चेहरा असणं हेही कारणच आहे. दुसऱ्या दिवशी दोन-तीन कॉलेजांची नावं कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे प्रवासाचा वेळ, फी, हजेरीची स्थिती, हवे ते विषय आणि मुलाला वाटणारी ओढ मुलाच्याच हाताने लिहू द्या. कॉलेज पाहून आल्यावर तोच कागद पुन्हा काढा. बऱ्याचदा क्रम बदललेला असतो, आणि का बदलला हे मूल स्वतः सांगतं.

मोठ्या नावाचं कॉलेज मिळूनही मूल नको म्हणत असेल, तर तो हट्ट समजून मोडून काढू नका, कारण विचारा. मिळालं नाही म्हणून ते रडत असेल, तर “काही बिघडत नाही” म्हणून घाईने विषय बदलू नका. त्याला वाईट वाटू द्या, मग वस्तुस्थिती सांगा : नीट, जेईई, सीईटी, सीए या परीक्षांच्या पेपरवर कॉलेजचं नाव विचारून गुण दिले जात नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो दोन वर्षांचा नियमित अभ्यास. जिथे आपलं मूल वेळेवर पोचेल, पोटभर झोपेल, अडलेलं न घाबरता विचारेल आणि आठवड्यातून एकदा तरी मैदानावर जाईल, तिथेच असा अभ्यास होतो. असं कॉलेज यादीत पहिलं असो की नववं, तुमच्या मुलासाठी तेच नामांकित आहे.