पापणीची शस्त्रक्रिया आणि एकट्याचे घर

पापणीची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे किरकोळ समजली जाते. तास-दीड तासाचे काम, बहुधा स्थानिक भूल, आणि सायंकाळी रुग्ण आपल्या घरी. आम्हा नेत्रवैद्यांच्या दृष्टीने हे बरेचसे खरेही आहे. परंतु रिक्षा दाराशी थांबल्यावर कुलूप उघडायला दुसरे कोणी नसेल, तर त्या रुग्णाची खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते.

आपल्या प्राचीन वैद्यकाला या गोष्टीचे पूर्ण भान होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे 21 रोग सांगितले आहेत. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागले, तर पापणीच्या कातडीचा जवाच्या आकाराचा तुकडा काढून जखम केसाने शिवावी, असे शस्त्रकर्मही त्यात वर्णिले आहे. त्याच संहितेत चिकित्सेचे चार पाय मानले आहेत : वैद्य, औषध, रुग्ण आणि परिचारक. एकट्या माणसाच्या घरी यांपैकी चौथा पाय मुळातच नसतो. तो शस्त्रक्रियेपूर्वीच उभा करावा लागतो, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

आमच्या बडोद्यात ही गरज दिवसेंदिवस वाढते आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील एकेकाळची भरली घरे आता एक-दोन वृद्धांची झाली आहेत. मुले पुण्यास, बंगळुरास वा अमेरिकेत आहेत. माझ्याकडे आलेल्या एक निवृत्त शिक्षिका वाचताना डाव्या हाताच्या बोटांनी दोन्ही पापण्या वर धरून ठेवीत. सैल कातडी पार बाहुलीवर उतरली होती. पहिल्या रात्री सोबतीला कोण असेल, असे विचारताच त्या म्हणाल्या, "सकाळी दहाला कामवाली येते की!" रात्रीबद्दल मी पुन्हा विचारले, तेव्हा क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "मग राहू द्या, डॉक्टर. कोणाला कशाला त्रास?" सोबत मागण्यापेक्षा पापण्या बोटांनी धरून जगणे त्यांना सोपे वाटत होते.

पहिल्या रात्री सोबत हवीच, हा माझा आग्रह उगाच नव्हता. या शस्त्रक्रियेनंतर क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो. तो बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांत होतो. अकस्मात वाढणारी तीव्र वेदना, एका बाजूची घट्ट, टणक सूज, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे आणि दृष्टी मंदावणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट पाहणे म्हणजे दृष्टी पणास लावणे होय, कारण उपचार तास-दोन तासांच्या आत व्हावा लागतो. दुसरा धोका अधिक साधा आणि अधिक नित्याचा. दोन्ही डोळ्यांत मलम असल्याने सारे धूसर दिसते, आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना उंबऱ्याला पाय अडखळतो. शिवाय सूज पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी अधिक असते. 'काल तर बरी होते' म्हणणाऱ्या रुग्णाचे डोळे दुसऱ्या सकाळी जेमतेम उघडतात.

म्हणून मदतीची आखणी दिवसांनुसार करावी. पहिल्या दोन रात्री घरात जागते, धडधाकट माणूस हवे. पुढील पाच-सहा दिवस, म्हणजे टाके निघेपर्यंत, सकाळ-संध्याकाळची एकेक फेरी पुरते. एकाच व्यक्तीवर भार टाकण्यापेक्षा तिघांत काम वाटावे : रात्रीची सोबत एकाची, जेवणाचा डबा दुसऱ्याचा, तपासणीला नेणे-आणणे तिसऱ्याचे. वाहन चालविणे रुग्णाला वर्ज्यच. पगारी परिचारक ठेवल्यास वेळ, काम आणि मोबदला आधी कागदावर लिहून ठरवावा. औषधांशी घरच्या मोलकरणीची गाठ शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रथम पडू नये, आदल्या दिवशीच तिला सारे दाखवून ठेवावे.

घराचीही तयारी हवी. पलंगावर दोन उशा, कारण डोके उंच ठेवल्याने सूज कमी राहते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर दिवा आणि वाटेतील सतरंज्या उचललेल्या. बर्फ स्वच्छ कापडात गुंडाळून, जागेपणी दर तासाला 10 ते 15 मिनिटे, पहिले दोन दिवस. तो थेट कातडीला लावू नये, कारण बधिर पापणीला चटका कळत नाही. वाकणे, जड उचलणे, गॅसपाशी उभे राहणे टाळावे. थेंबांच्या बाटल्या सारख्याच दिसतात, तेव्हा एकीला एक रबर व दुसरीला दोन रबरे गुंडाळावीत, म्हणजे हाताला कळते. पापणी पूर्ण मिटत नसेल, तर झोपण्यापूर्वीचे मलम चुकवू नये, नाही तर कॉर्निया कोरडा पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्याचा निर्णय शल्यचिकित्सक व हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून करावा.

सोबत करणाऱ्याला मी एक सोपी परीक्षा शिकवितो. पहिल्या रात्री दर दोन तासांनी पापणीवरील मलम हलकेच टिपावे, आणि एकेक डोळा झाकून रुग्णाला भिंतीवरील कालनिर्णयाची ठळक तारीख वाचावयास सांगावे. मघाशी दिसलेली तारीख आता दिसत नसेल, किंवा वेदना वाढत असेल, तर डॉक्टरांना तत्काळ फोन करावा. फोन न लागल्यास 108 ला बोलवावे. परदेशातील मुलांनीही ठरल्या वेळी दूरध्वनीवरून चौकशी अवश्य करावी, पण चित्र दाखविणारा फोन पडलेल्या माणसाला उचलू शकत नाही. घराची एक किल्ली शेजारी असलीच पाहिजे.

त्या शिक्षिकांच्या सोबतीला अखेर शेजारच्या गुजराती भगिनी आल्या. "बाईंनी माझ्या दोन्ही मुलांना गणित शिकविले, त्यांनी विचारलेच नाही तर मी येऊ कशी?" असे त्या मला म्हणाल्या. मदतीची वाण क्वचितच असते. ती मागण्याचा संकोच असतो, आणि एकटेपणापेक्षा हा संकोचच अधिक घातक ठरतो. तो संकोच दूर करण्याचे काम डॉक्टर सहज करू शकतो. रुग्णाने मागितले तर ती याचना वाटते, डॉक्टरने लिहून दिले की ते पथ्य होते.

तेव्हा समव्यवसायी बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. शस्त्रक्रियापूर्व तपासणीच्या कागदावर रक्तदाब आणि साखर यांच्या खाली आणखी एक ओळ असावी : 'पहिल्या रात्री सोबत कोण?' तेथे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिला गेल्यावरच तारीख द्यावी. आणि ती जागा रिकामी राहिली, तर शस्त्रक्रिया रद्द करण्याऐवजी नाव शोधण्यास रुग्णाला साहाय्य करावे. आपल्या मंडळींत अशी नावे आहेत, त्यांना कोणी विचारावयाचेच काय ते बाकी आहे.