व्ही. के. मूर्ती : श्रेय फक्त गुरुदत्तचं नाही

'कागज के फूल'मधला (1959) तो प्रकाशाचा झोत आठवला की आपण 'काय गुरुदत्त आहे!' म्हणतो. माझ्या मते हे कौतुक अर्धवट आहे. स्टुडिओतल्या दिव्यांनी तसा समांतर किरणांचा झोत मिळेना, तेव्हा छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन थेट आत वळवलं. हवेतल्या धुरामुळे त्या उन्हाला कडा आल्या आणि वहिदा रहमान व गुरुदत्त यांच्यामधली रिकामी जागाच बोलू लागली. भारतातल्या या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाचा रुंद पडदाही तिथे भरून पावला.

यावर कुणी म्हणेल, कल्पना तर दिग्दर्शकाचीच ना? दृष्टी गुरुदत्तची होती हे मान्यच. पण 'साहिब बीबी और गुलाम'चे (1962) श्रेयनामावलीतले दिग्दर्शक अबरार अल्वी आहेत, तरी मूर्तींनी टिपलेला अंधार तितकाच बोलका आहे. मिनू मुमताजच्या मुजऱ्यात उजेड फक्त तिच्यावर. मागच्या नर्तकी शेवटपर्यंत सावलीत. (हे गाणं एकदा आवाज बंद करून बघाच.) शिवाय गुरुदत्त 1964 मध्ये गेले, पण मूर्तींची कारकीर्द तिथे संपली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले गोविंद निहलानी 'तमस' करताना छायालेखनासाठी पुन्हा त्यांच्याकडेच वळले. 2008 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले छायालेखक. मैसूरहून आलेल्या या माणसासाठी सरकारलाही इतकी वर्षं लागली.