कान्हेरीतले पारशी आणि गोराईतला ब्रह्मदेश

चारकोपकरांनो, तत्त्वज्ञानांची गाठभेट म्हटलं की आपण पटकन युरोपकडे पाहतो. पण युरोपला मध्ये न घेता आशियातल्या परंपरा एकमेकींना भेटल्या, त्याच्या दोन खुणा आपल्या जवळच आहेत.

पहिली कान्हेरीत. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीतले लेख कोरलेले आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ मधले. बौद्ध लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपली आणि वडिलांची नावं तारखेसकट नोंदवली. त्यात वादविवाद नाही, तत्त्वचर्चा नाही. तरीही मला हे लेख फार मोलाचे वाटतात. अहुर मज्दाला मानणारी माणसं बुद्धाच्या लेण्यात आली, त्याचा हा हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा आहे.

दुसरी खूण खाडीपलीकडे, गोराईचा पॅगोडा. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावर बेतलेला, २००९ मध्ये खुला झालेला. तो ज्यांच्या प्रेरणेने उभा राहिला ते सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात, मंडालेत जन्मलेले, सनातनी मारवाडी घरातले. १९५५ मध्ये डोकेदुखीवर उपाय शोधताना ते विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचले. हे गुरू ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते! त्यांच्याकडे चौदा वर्षं शिकून गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईतच घेतलं. ब्रह्मदेशाने जपलेली विपश्यना एका हिंदू व्यापाऱ्याच्या हातून अशी इथे परतली.

कान्हेरीला जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत ते त्या दिवशी बंद असतं. आणि ९० क्रमांकाचं लेणं बघितल्याशिवाय खाली उतरू नका.