एकोणसत्तर आणि सत्तर
मन मोजताना : भाग ७

सामाजिक गुणांक ६९ आला तर बौद्धिक दिव्यांगत्व ५० टक्के, ७० आला तर २५ टक्के. केंद्र सरकारने जानेवारी २०१८मध्ये दिव्यांगत्व मोजण्याच्या ज्या सूचना काढल्या, त्यांतलं हे कोष्टक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के लागतात. म्हणजे एका गुणाचा फरक पडला की मूल रेघेच्या अलीकडे राहतं किंवा पलीकडे जातं. २०२४मध्ये या सूचना सुधारल्या गेल्या. पण ४० टक्क्यांची रेघ कायद्यातच आहे, आणि तिच्यापर्यंत पोचायला आकडाच लागतो.

हा आकडा येतो कुठून? न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथे एडगर डॉल यांनी १९३५मध्ये सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी तयार केली. नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात आर्थर मालिन यांनी १९६५मध्ये तिचं भारतीय रूप केलं. त्यात ८९ कलमं आहेत: मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, कपडे घालतं का, पैसे सांभाळतं का, शाळेत एकटं जातं का. उत्तरं मूल देत नाही, त्याला सांभाळणारं माणूस देतं. त्यावरून मुलाचं सामाजिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं.

समजा, एरंडोलजवळच्या एखाद्या खेड्यातली आठ वर्षांची मुलगी आईबरोबर तपासणीला आली आहे. कलमांची बेरीज होऊन तिचं सामाजिक वय साडेपाच वर्षं भरलं, म्हणजे गुणांक ६९. आता यातलं एकच कलम जवळून पाहू. ‘शाळेत एकटी जाते का?’ आई म्हणते, ‘नाही.’ तपासणारा फुली मारून पुढच्या कलमाकडे वळतो. पण शाळा महामार्गाच्या पलीकडे आहे. सुरत-नागपूर रस्ता धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा सगळा खानदेश कापत जातो. ट्रकच्या त्या धबडग्यात कुठलीच शहाणी आई आठ वर्षांच्या पोरीला एकटी सोडणार नाही. फुली पडली ती मुलीच्या समजेवर, खरं तर ती रस्त्यावर पडायला हवी होती. एवढं एक कलम जमेस धरलं तर सामाजिक वय दोन-तीन महिन्यांनी वाढतं आणि गुणांक ७१-७२च्या घरात जातो.

डॉल यांना ही अडचण माहीत होती. मुलाला एखादी गोष्ट करण्याची संधीच मिळाली नसेल, तर तशी वेगळी खूण करण्याची सोय त्यांनी मोजपट्टीतच ठेवली होती. आसपासची कलमं मूल करत असेल तर अशा कलमाचेही गुण मिळतात. म्हणजे संशोधनाने शोधलेला उपाय हातातल्या कागदावर छापलेला आहे. तो वापरायचा तर आईला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ‘का नाही?’ बाहेर रांग लागलेली असताना राहून जातो तो हाच प्रश्न.

काही कलमांचा तर काळच सरला आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने अधूनमधून छोटी पत्रं लिहावीत, अशी अपेक्षा या मोजपट्टीत आहे. आज साक्रीतला मुलगा सुरतला कामावर गेलेल्या मामाला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. त्याला गुण द्यायचे की नाही, हे ज्याचा तो तपासणारा ठरवतो.

बुद्धिगुणांकाच्या चाचण्यांत जुनेपणाची अडचण उलट्या बाजूने येते. मागच्या भागात बिने आणि सिमाँ यांच्या १९०५च्या चाचणीची हकीकत आली. ती आपल्याकडे रुजवली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांवर त्यांनी प्रश्न तपासले, कुठल्या वयाची मुलं कुठल्या प्रश्नाला उत्तर देतात ते पाहिलं आणि १९४०मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. मोठ्या कष्टाचं आणि प्रामाणिक काम होतं ते. पण त्या चाचणीचा आधार आहे १९३०च्या दशकातलं मूल. पुढे जेम्स फ्लिन यांनी १९८४मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत दर दशकाला सरासरी गुण सुमारे तीनने वाढत गेले होते. जुन्या मुलांशी तुलना केली की आजच्या मुलाचे गुण फुगून दिसतात. अशा फुगलेल्या आकड्यामुळे ज्याला खरोखर मदत हवी, तेच मूल रेघेच्या वर जाऊ शकतं.

चूक दोन्ही बाजूंना होते, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कुणाच्या कपाळी नको तो शिक्का बसतो आणि कुणाला हक्काचं प्रमाणपत्र नाकारलं जातं. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही, कारण ती दोन वेगळी मुलं असतात.

मुलाच्या हातांना कशाची सवय आहे, यानेही गुण बदलतात. रॉबर्ट सर्पेल यांनी १९७९मध्ये झांबियातल्या लुसाका आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टर इथल्या मुलांना एकच काम वेगवेगळ्या साहित्यातून करायला दिलं: नमुना पाहून तसाच बनवायचा. कागद-पेन दिलं तेव्हा इंग्रज मुलं सरस ठरली, तार दिली तेव्हा झांबियाची. मातीच्या कामात दोघं बरोबरीत. लुसाकाची मुलं तारेच्या गाड्या करून खेळत मोठी होतात. शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरून आलेल्या मुलापुढे पहिल्या झटक्यात पेन्सिल आणि कोरा कागद ठेवताना हा प्रयोग आठवायला हवा.

आणि भाषा? धुळे-जळगावात घरी अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी बोलतात. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७च्या खंडात खानदेशी भाषा भिल्ली भाषांबरोबर घेतली होती, मराठीच्या खंडात नव्हे. पुस्तकी मराठीत विचारलेला प्रश्न मुलाला कळला नाही, की कळूनही उत्तर आलं नाही, हे गुणपत्रिकेवरून सांगता येत नाही. ‘तुनं नाव काय शे?’ असं विचारल्यावर जे मूल मान वर करून बोलू लागतं, त्याची तपासणी तिथून पुढे त्याच भाषेत व्हायला काय हरकत आहे? अहवालात भाषेची नोंद केली म्हणजे झालं.

आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: चाचणी नव्या भाषेत नेली की ती तिथे पुन्हा तपासून घ्या. खानदेशात या कामाला माणसं आहेत. जळगावचं विद्यापीठ १९९०पासून उभं आहे, दोन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिका लिहायची असतेच. एकेका तुकडीने एकेका तालुक्यातल्या सर्वसाधारण मुलांच्या घरी जाऊन ही ८९ कलमं विचारली, तर कुठलं कलम इथे कुठल्या वयाला जमतं, याचा तक्ता काही वर्षांत हाती येईल. चोपड्याचा वेगळा असेल, धुळे शहराचा वेगळा. रुग्णालयातल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या टेबलावर तो तक्ता असायला हवा.

दुसरी सुधारणा उद्याच करता येईल. कुठलीच मानसशास्त्रीय चाचणी गुणाचा गुण अचूक सांगत नाही, चांगल्या चाचणीतही तीन-चार गुण इकडेतिकडे होतात. म्हणून अहवालात ‘६९’ एवढंच न लिहिता ‘६५ ते ७३च्या दरम्यान’ असं लिहावं आणि रेघेजवळच्या मुलाची काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. पालकांनीही जाताना मूल वर्गात काय करतं, याची शिक्षकांनी लिहिलेली टिपणं बरोबर न्यावीत आणि तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: चाचणी कुठली, कुठल्या भाषेत घेतली, आणि किती कलमांना ‘संधी नव्हती’ अशी खूण झाली.

(पुढील भागात : दहावीची कल चाचणी)